तिलावाची चांदी

शेत नांगरताना हंडा लागला तर तो सरकारजमा होतो, हे आमच्या सोलापूर भागात कुणालाही विचारा, छातीठोकपणे सांगतील. गोष्टींना इथे तोटा नाही. पडक्या वाड्याच्या भिंतीतल्या मोहरा, वडाखालचा तांब्याचा हंडा, त्यावर राखणीला बसलेला नाग आणि हे सगळं जमिनीवरूनच पाहू शकणारा पायाळू माणूस. नावं गावागणिक बदलतात, शेवट बदलत नाही: ‘सापडलं, पण बोलला नाही. बोलला असता तर सगळं सरकारनं नेलं असतं.’

१८७८ चा ‘इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट’ वाचला तर हा शेवट टिकत नाही. जमिनीत किंवा जमिनीवरच्या बांधकामात दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची चीज सापडली, की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. माल जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायचा, नाहीतर सांगाल तेव्हा हजर करतो म्हणून तारण द्यायचं. मग कलेक्टर जाहीर नोटीस काढतात. चार ते सहा महिन्यांनंतरची एक तारीख दिली जाते आणि ज्याचा कुणाचा हक्क असेल त्यानं त्या दिवशी यावं, असं सांगितलं जातं. ‘हे माझ्या आजोबांनी पुरलं होतं’ असं कुणी म्हणालं आणि पुरणं शंभर वर्षांच्या आतलं वाटलं, तर त्याला दिवाणी कोर्टात जायला मुदत मिळते. कुणीच आलं नाही, तर माल बेवारस ठरतो.

बेवारस ठरलेला मालही सरकारी तिजोरीत जात नाही. जागेच्या मालकानं हक्क सांगितला नाही, तर सगळा माल सापडणाऱ्याचा. त्यानं सांगितला आणि दोघांत आधीचा काही करार नसला, तर बारा आणे सापडणाऱ्याला, चार आणे जागामालकाला. सरकारला ती वस्तू हवीच असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश मोजून विकत घ्यावी लागते. सापडणाऱ्यानं लपवलं, तर मात्र त्याचा हिस्सा सरकारकडे जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे गावातली गोष्ट नेमकी उलटी आहे. सांगितलं तर बारा आणे, लपवलं तर तुरुंग.

थोडक्यात, या कायद्यात सरकार पंच आहे, फार तर गिऱ्हाईक. दुसऱ्या काही ठिकाणी ते मालक म्हणून येतं आणि आणखी काही ठिकाणी राजा म्हणून. आपण या सगळ्यांना ‘सरकारजमा’ या एकाच शब्दात गुंडाळतो. हे वेगवेगळे हक्क सुटे करून पाहायचे तर समुद्रात उतरायला हवं. सोलापूरपासून समुद्र लांब आहे खरा, पण ज्या जहाजाची गोष्ट सांगायची आहे ते मुंबईहूनच निघालं होतं.

२० नोव्हेंबर १९४२. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘तिलावा’ ही आगबोट मुंबई बंदरातून आफ्रिकेकडे निघाली. बोटीवर ९५८ माणसं. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत दुकानं थाटलेली, नोकऱ्या करणारी, त्यांच्या बायकामुलांसकट निघालेली ही बहुतेक भारतीय मंडळी. खालच्या भंडारात चांदीच्या २,३६४ विटा होत्या, वजनाला ६० टनांच्या वर. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं ती चांदी विकत घेतली होती आणि आपल्या टांकसाळीत नाणी पाडण्यासाठी डर्बनला मागवली होती.

२३ नोव्हेंबरच्या पहाटेआधी जपानी पाणबुडी आय-२९ चा टॉर्पेडो बोटीला लागला. माणसं होड्यांत उतरली. बोट लगेच बुडेना, म्हणून काही जण परत वर चढले. मग दुसरा टॉर्पेडो आला. दोन दिवसांनी ‘बर्मिंगहॅम’ ही ब्रिटिश युद्धनौका तिथे पोचली आणि तिनं बहुतेक वाचलेल्यांना पाण्यातून उचललं. २८० माणसं गेली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात जर्मन पाणबुडीतून सुभाषबाबूंना उतरवून घेतलं ते याच आय-२९ नं. पाठ्यपुस्तकातला तो रोमांचक प्रसंग वाचताना तिलावाचं नाव कुणी काढत नाही. ‘रामदास’ बोट आपल्याला माहीत आहे, कारण ती १९४७ मध्ये रेवसच्या वाटेवर, आपल्या डोळ्यांसमोर बुडाली. तिलावा भर समुद्रात बुडाली आणि महायुद्धाच्या बातम्यांच्या ढिगात गेली.

पंचाहत्तर वर्षं ती चांदी सुमारे अडीच किलोमीटर खोल पाण्याखाली पडून होती. २०१७ मध्ये अर्जेंटम एक्स्प्लोरेशन नावाच्या ब्रिटिश कंपनीनं ती वर काढली आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला नेली. तिथे बुडीत जहाजांवरचा माल नोंदवून घेणारा एक सरकारी अधिकारी असतो, त्याच्याकडे रीतसर नोंद केली. किंमत सुमारे ४.३ कोटी डॉलर. दक्षिण आफ्रिकेनं हात वर केला: चांदी आमची.

कोर्टात झगडा लागला तो चांदी कुणाची यावर नाही. मालक दक्षिण आफ्रिका, हे धरूनच वाद चालला. कंपनीचं म्हणणं साधं होतं: तुमची वस्तू तळाला गेली होती, आम्ही पदरचे पैसे घालून वर आणली, आमचा मोबदला द्या. समुद्री कायद्यात हा हक्क फार जुना आहे. बुडणारा माल वाचवला तर त्याच्या किमतीतून वाचवणाऱ्याला वाटा मिळतो, वाचवता आला नाही तर खर्च त्याचा त्याच्या अंगावर. दक्षिण आफ्रिकेनं उत्तर दिलं की आम्ही सार्वभौम देश आहोत, परक्या देशाच्या कोर्टात आमच्यावर किंवा आमच्या मालावर दावाच चालत नाही.

ब्रिटनच्या १९७८ च्या कायद्यानं परकीय सरकारांना हे संरक्षण दिलेलं आहे, पण एक फट ठेवून. जहाज आणि त्यावरचा सरकारी माल, दोन्ही ‘व्यापारी कामासाठी वापरात’ असतील, तर संरक्षण सुटतं. जहाज तर व्यापारीच होतं. मग सगळा खटला एका प्रश्नावर येऊन थांबला: भंडारात पडलेली चांदी ‘वापरात’ होती का?

सोलापूरकराला हा प्रश्न चटकन कळेल. एमआयडीसीतून चादरींचे गठ्ठे ट्रकवर चढवले. ट्रक वापरात आहे, त्याचं भाडं चालू आहे. पण चादर वापरात आहे का? चादर वापरात येते ती कुणीतरी पांघरल्यावर. याला कुणी असंही म्हणेल की भाडं भरून माल बाजाराच्या वाटेला लागला म्हणजे तो धंद्यात आला, आणि धंद्यात आला म्हणजे वापरात आला. लंडनच्या पहिल्या कोर्टानं २०२० मध्ये हे दुसरं म्हणणं उचललं आणि कंपनीच्या बाजूनं कौल दिला. २०२२ मध्ये अपील कोर्टानं दोन विरुद्ध एक असा तोच निकाल कायम ठेवला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ८ मे २०२४ ला तिथल्या न्यायाधीशांनी एकमतानं उलट निकाल दिला: जहाजात नुसता वाहून नेला जाणारा माल ‘वापरात’ नसतो. नाणी पाडायला निघालेली चांदी तर व्यापाराचीही म्हणता येत नाही, नाणं पाडणं हे सरकारचंच काम. दक्षिण आफ्रिका जिंकली. निकाल लागण्याआधीच दोन्ही पक्षांनी आपसात तडजोड केली होती, तरी प्रश्न महत्त्वाचा म्हणून न्यायालयानं निकालपत्र दिलंच.

माझं मत विचाराल तर निकाल कायद्याच्या शब्दांना धरून बरोबर आहे आणि तरी खटकतो. मालकी खरी, ती कुणी नाकारली नाही. पण माल दारात आणून ठेवल्यावर ‘तुझी हमाली मागायला तुला कोर्टच नाही’ असं सांगणं हे सावकारी वळणाचं झालं. उद्या अडीच किलोमीटर खोल उतरायला कोण तयार होईल, हा हिशेब सरकारांनाही करावा लागेल.

आणि त्या २८० माणसांचं काय, हे तुमच्या मनात आलं असेल. विटांचा खटला होता. माणसांचा नव्हता.

मालक म्हणून येणारं सरकार नेहमी खरेदीदारच असतं असं नाही. कधी ते विम्याच्या वाटेनं येतं. गाडीचा अपघात झाला, विमा कंपनीनं ‘टोटल लॉस’ धरून पूर्ण पैसे दिले, की सांगाडा कंपनीचा होतो. ‘गेरसप्पा’ बोटीचं हेच झालं. आपल्या जुन्या पुस्तकांतला गिरसप्प्याचा धबधबा तुम्हाला आठवत असेल, त्याचंच नाव या बोटीला होतं. डिसेंबर १९४० मध्ये ती कलकत्त्याहून चांदी, लोखंड आणि चहा घेऊन निघाली आणि १७ फेब्रुवारी १९४१ ला आयर्लंडच्या नैर्ऋत्येला जर्मन पाणबुडीनं तिला बुडवलं. जिवंत वाचला एकच माणूस. चांदी खासगी मालकांची होती, पण युद्धकाळातला विमा ब्रिटिश सरकारचा. सरकारनं भरपाई दिली आणि तळाशी गेलेली चांदी सरकारची झाली. सत्तर वर्षांनी ओडिसी मरीन एक्स्प्लोरेशन या अमेरिकन कंपनीशी करार झाला: खर्च आणि धोका तुमचा, खर्च वजा जाता उरेल त्यातले ८० टक्के तुमचे, २० टक्के आमचे. २०१२ आणि २०१३ अशा दोन हंगामांत ४,७०० मीटर खोलीवरून २,७९२ विटा वर आल्या, सुमारे ११० टन. ब्रिटनच्या शाही टांकसाळीनं त्यातल्या काही चांदीची नाणी पाडून त्यांच्या कडेवर बोटीचं नाव कोरलं.

मला त्या विटांपेक्षा दुसरी वस्तू मोलाची वाटते. त्याच भंडारात टपालाच्या थैल्या होत्या आणि चिखलाखाली दबल्यामुळे त्यांतली सातशेहून जास्त पत्रं टिकून राहिली. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांनी, मिशनऱ्यांनी, चहाच्या मळेवाल्यांनी घरी लिहिलेली १९४० च्या नाताळच्या सुमाराची पत्रं. ती वर आली कारण चांदी वर आली. नुसत्या पत्रांसाठी कुणी पाच किलोमीटर खाली गेलं नसतं.

तिसरी बोट ‘सिटी ऑफ कैरो’, तीही मुंबईहूनच निघालेली. १ ऑक्टोबर १९४२ ला निघाली आणि ६ नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला बुडाली. मृत १०४. हिच्यात विटा नव्हत्या, रुपये होते. चांदीचे, राजाचा छाप असलेले, पेट्यांत भरलेले सुमारे शंभर टन रुपये, ब्रिटिश सरकारच्या मालकीचे. २०१३ मध्ये ५,१५० मीटर खोलीवरून त्यातले कित्येक टन बाहेर निघाले. सरकार आणि काढणारी कंपनी यांनी आपसात वाटणी केली. आधी रुपये वितळवले. आपल्याकडे घटस्थापनेला, लक्ष्मीपूजनाला पूजेत तो चांदीचा रुपया अजून ठेवतात. त्याच रुपयांची पोतीच्या पोती मुशीत जावीत, हे वाचून जरा कसंसंच होतं. पण मालकाला आपल्या चांदीचं काय करायचं ते करता येतं, हाच तर मालकीचा अर्थ.

आता राजाचा हक्क.

जून १६७४. रायगडावर राज्याभिषेकाची गर्दी. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन नारायण शेणवी या दुभाष्याला घेऊन गडावर आला होता. हातात तहाची कलमं होती. त्यातलं एक कलम असं, की इंग्रजांचं जहाज फुटून महाराजांच्या किनाऱ्याला लागलं तर ते आणि त्यावरचा माल इंग्रजांना परत मिळावा. हे कलम मान्य करायला महाराज राजी होईनात. तुफानानं किनाऱ्याला लागलेली तारवं आणि माल परत करणं कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, तुम्हाला ही सवलत दिली तर फ्रेंच, डच आणि बाकीचेही तीच मागतील, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला रिवाज मोडेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय इंग्रजांच्या कागदांत नोंदलेला आहे.

ऑक्झिंडेनला हे रानटी वाटलं असेल, तर त्यानं आपल्या घरचा कायदा आठवायला हवा होता. इंग्लंडच्या किनाऱ्यावरही बेवारस बुडीत माल राजाचाच असे. १२७५ च्या तिथल्या कायद्यानं एवढंच ठरवलं की जहाजातून माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत बाहेर आलं, तर ते जहाज बेवारस समजायचं नाही, आणि मालकाला हक्क सांगायला एक वर्ष आणि एक दिवस मिळायचा. म्हणजे राजाचा हक्क एका मांजरावर अडायचा! आपल्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यातही बुडीत माल सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायचा आणि मालकानं एका वर्षाच्या आत हक्क शाबीत करायचा, अशीच तरतूद होती. मुदतीचा तो आकडा कुठून आला असेल ते वेगळं सांगायला नको.

राजे गेले, हक्क राज्यघटनेत आला. कलम २९६ बेवारस मालमत्तेचं: असा माल, तो जिथे असेल त्याप्रमाणे, राज्याचा किंवा केंद्राचा. कलम २९७ समुद्राचं: देशाच्या सागरी हद्दीत, खंडमंचावर आणि अनन्य आर्थिक क्षेत्रात समुद्राखालच्या जमिनी, खनिजं आणि ‘इतर मौल्यवान वस्तू’ केंद्राच्या. तिलावा यांपैकी कुठल्याच रेषेच्या आत नव्हती, म्हणून मुंबईहून निघालेल्या बोटीच्या खटल्यात भारताला जागाच नव्हती. स्पेनच्या ‘मर्सेदेस’ या लढाऊ जहाजाच्या बाबतीत तर ज्या देशात नाणी पाडली त्या देशालाही काही मिळालं नाही. १८०४ मध्ये बुडालेल्या त्या जहाजाची सुमारे सहा लाख नाणी ओडिसीनंच २००७ मध्ये वर काढून फ्लोरिडात आणली. अमेरिकन कोर्टानं ती सगळी स्पेनला द्यायला लावली आणि २०१२ मध्ये ती विमानानं माद्रिदकडे रवाना झाली. लिमाच्या टांकसाळीतली नाणी म्हणून पेरूनं हक्क सांगितला होता, तो टिकला नाही. खाणीत राबलेल्यांचा देश आणि जहाजावर झेंडा असलेला देश यांत कायदा झेंडा बघतो.

आपल्या हद्दीत काय पडलं आहे? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी मुरगाव बंदराच्या तोंडाशी सुंची खडकावर पोर्तुगीज काळातलं फुटलेलं जहाज तपासलं. तोफा मिळाल्या, चिनी मातीची भांडी मिळाली, हस्तिदंत मिळाले, पाणघोड्याचे दात मिळाले. सोन्याच्या पेट्या नाहीत. पाणघोडा आफ्रिकेचा, भांडी चीनची, जहाज पोर्तुगालचं आणि खडक गोव्याचा. कोण कुणाशी काय व्यापार करत होतं याचा एवढा चोख कागद दुसरा नाही. युनेस्कोच्या २००१ च्या करारानं शंभर वर्षं पाण्याखाली राहिलेल्या अशा अवशेषांना ‘वारसा’ मानलं आणि त्यांचा व्यापार वर्ज्य ठरवला. या मोजणीनं तिलावा २०४२ मध्ये वारसा होईल, तिची चांदी तिच्यात नसताना.

या एका बाबतीत जमिनीवरचा कायदा मागेच आहे. १८७८ चा हिशेब धातूचा. १९७४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या प्रवरेकाठच्या दायमाबादला एका माणसाला झाडाचं मूळ खणताना काशाच्या चार मूर्ती सापडल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडीचा रथ. एकूण वजन साठ किलोच्या आसपास. भारतीय पुरातत्त्वातला हा मोठा ठेवा. वजनकाट्यावर मात्र तो साठ किलो मोड! धातूची किंमत आणि वर एक पंचमांश हा भाव ऐकून गरीब माणूस कलेक्टर कचेरीची पायरी चढेल की मोडवाल्याची, हे सांगायला पायाळू माणूस लागत नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, पण त्याचा भर नोंदणी आणि परदेशी विक्री रोखण्यावर. सापडणाऱ्याला वस्तूच्या खऱ्या मोलाच्या जवळपास काही मिळालं, तर ‘बोलला नाही’ हा गोष्टीचा शेवट कदाचित बदलेल.

आमच्याकडे समुद्र नसला तरी बुडालेलं पुष्कळ आहे. १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण पूर्ण झालं आणि गावंच्या गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुने वाडे, पार, देवळं उघडी पडतात. पळसदेवचं देऊळ बघायला तर लोक मुद्दाम जातात. तिथे चिखलात काही हाताला लागलं तर ‘समुद्राखालची मौल्यवान वस्तू’ हे कलम लागत नाही. तिथे लागू होतो तो १८७८ चाच कायदा. फरक एवढाच की संपादन झालेल्या त्या जमिनीचा मालक सरकार आहे, म्हणून चार आण्यांवर हक्क सांगायला तेच येऊ शकतं.

तेव्हा पुढच्या मे महिन्यात उजनीच्या काठानं किंवा स्वतःच्याच रानात फाळाला काही खणकन वाजलं, तर मांत्रिकाला बोलावू नका. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. एक साधा कागद घ्या. वर जिल्हाधिकाऱ्यांचं नाव लिहा आणि खाली तीन गोष्टी: काय आणि किती सापडलं, कुठे सापडलं, कोणत्या तारखेला सापडलं. कायदा अर्जात एवढंच मागतो.